सुताराची जास्वंद

२ फेब्रुवारी

रोपवाटिकेतून जास्वंदीची दोन रोपं आणली. साधी, लाल, एकेरी पाकळ्यांची. रोपवाटिकेवाला मला बशीएवढ्या फुलांची पिवळी-केशरी कलमं दाखवत होता. त्याला म्हटलं, शोभेला नको, औषधाला हवी. त्याचा उत्साह लगेच मावळला. दोन्ही कुंड्या गॅलरीत ऊन येतं त्या कोपऱ्यात ठेवल्या. हिला म्हटलं, आता तेल आपलं घरचं. ही "बरं" म्हणाली आणि पुन्हा पुस्तकात डोकं घातलं.

डोकं हा शब्द हल्ली आमच्या घरात जपून वापरावा लागतो.

निवृत्त झाल्यापासून रोजनिशी लिहीन म्हणत होतो. छापखान्यात सारा जन्म मुद्रितं तपासण्यात गेला, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढण्यात. स्वतःचं लिहायला बसलो की पहिल्याच ओळीत चूक दिसायची आणि वही मिटायची. आता मात्र प्रयोग करायचा आहे, तर नोंदी हव्यात.

हकीकत अशी. मागच्या वर्षी हिच्या कानामागे नाण्याएवढी जागा मोकळी दिसली. मग दुसरी, तिसरी. पावसाळा संपेपर्यंत सगळेच केस गेले, भुवयासुद्धा. त्वचेच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चाई आहे, जिवाला धोका नाही. शरीरच स्वतःच्या केसांना परकं समजायला लागतं. गोळ्या-मलम देऊन बघू. केस येतील तर येतील, नाहीतर नाही येणार, आणि कुणी खात्री देत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. येतील तर येतील, हे काय वाक्य झालं? माझ्या हाती आलं असतं तर मी समासात प्रश्नचिन्ह काढून परत पाठवलं असतं.

हिची वेणी गुडघ्याच्या थोडी वर संपायची. रस्त्यात लोक वळून बघत. मी मुद्दाम दोन पावलं मागे राहायचो, ते वळून बघणं बघायला. छापखान्यात मला वेणीवाल्या बाईंचे यजमान म्हणत.

आता ही स्कार्फ बांधते. वाचनालयाच्या काउंटरवर बसायची, तिथं बिनपगारी रजा टाकली आहे. पुस्तक बदलायला येणारे लोक पुस्तकाऐवजी कपाळाकडे बघतात म्हणाली.

९ फेब्रुवारी, रविवार

तेलाचा पहिला घाणा. रोपांना अजून कळ्याच आहेत, म्हणून पानं वाटून खोबरेल तेलात कढवली. सकाळच्या उजेडात हिला खिडकीपाशी बसवून डोक्याला चोळलं. त्याआधी भिंगानं सगळी टाळू तपासली. कानशिलापासून सुरुवात करून ओळीनं, एकही जागा सुटता कामा नये. काही नाही. पण दर रविवारी तपासणार. ही शहाण्या मुलासारखी मान खाली घालून बसली होती. मध्येच म्हणाली, झालं का? म्हटलं, अजून मागची बाजू राहिली.

२१ फेब्रुवारी

कळ्या गळताहेत. फुगतात, टोकाला लाली दिसते आणि सकाळी बघावं तर खाली पडलेल्या. पाणी वाढवलं. खत घातलं. कुंड्या आधी पूर्वेला सरकवल्या, मग पश्चिमेला. पांढरी कापसासारखी कीड दिसली ती साबणाच्या पाण्यानं पुसून काढली. एकेक पान उलटं करून बघतो. तरी गळतात.

आणि खाली त्या सुताराची जास्वंद बघा. त्याचं वर्कशॉप बरोबर आमच्या गॅलरीखाली. त्याच्या भिंतीला लागून ते झुडूप कधी लावलं देव जाणे, आता पहिल्या मजल्यापर्यंत आलंय. त्याला पाणी कुणी घालत नाही. सुतार फार तर चहाचा उरलेला घोट मुळाशी फेकतो. बुंध्याला फळ्या टेकवून ठेवलेल्या, फांद्यांवर भुशाचा थर, आणि वर लालेलाल. गॅलरीचं दार उघडलं की ती फुलं तोंडावर हसतात. माझ्या पोटात दुखतं हे इथं लिहायला हरकत नाही, ही वही कुणी वाचणार नाही.

फुलं मागावी तर पंचाईत. त्याच्या मशीनच्या आवाजाबद्दल मी दोन वर्षांपूर्वी लेखी तक्रार केली होती. तेव्हापासून तो मला बघून मोठ्यानं गाणं म्हणतो. भसाडा आवाज आहे.

२ मार्च, रविवार

हिला पाठवलं फुलं आणायला. जायला तयार नव्हती, लोकांत जायचं म्हटलं की हल्ली तिचे पाय जड होतात. मी म्हटलं, आपल्याच भल्यासाठी आहे, आणि तक्रार मी केली होती, तू नव्हेस. शेवटी पिशवी घेऊन गेली. पाच मिनिटांचं काम, तर चांगला तासभर लागला. आली ती पिशवी भरून. विचारलं तर म्हणाली, ते बुद्धिबळाचे मोहरे करताहेत, कसे करतात ते बघत बसले.

ह्या वेळचा घाणा उत्तम. फुलं सावलीत सुकवली, ओलसर राहिली की तेलाला वास येतो हे पहिल्या वेळी पानांवरून कळलं होतं. मंद आचेवर, तडतड थांबेपर्यंत. रंग गडद उतरला. फडक्यातून गाळून बाटल्यांत भरलं.

संध्याकाळी भिंग घेऊन बसलो तर म्हणाली, आजपासून तेल माझं मी लावीन. म्हटलं, आणि तपासणी? म्हणाली, काही दिसलं तर सांगेन. स्वावलंबन चांगलंच. तिला तेलावर विश्वास बसल्याचं हे लक्षण आहे.

१६ मार्च, रविवार

तेलाची बाटली आठवड्यात संपते. एवढ्या हौसेनं लावत असेल असं वाटलं नव्हतं. मी आणखी एक घाणा काढला. फुलं आणायला ही रोज खाली जाते. आधी सकाळी जायची, आता दुपारीही. तिच्या कपड्यांना लाकडाचा वास येतो. चेहऱ्यावर तकाकी आहे, जेवण चांगलं जातं, झोप लागते. तेल अंगी लागतंय.

फक्त डोकं दाखवत नाही. झोपतानाही स्कार्फ. मी सुचवलं, नुसतं मागच्या बाजूनं बघतो. तिनं कूस बदलली.

लेकीचा फोन होता. तिला तेलाची प्रगती सांगितली. ती म्हणाली, बाबा, आईला जरा मोकळं सोडा. मी म्हटलं, मी कुठं बांधून ठेवलंय? ती आपली दिवसभर खालीच असते.

फोन ठेवल्यावर ते वाक्य मला बोचलं. दिवसभर खालीच असते.

२ एप्रिल

खालून हसण्याचा आवाज आला. आधी वाटलं दुसरंच कुणी. हिचं हसणं मी विसरलो होतो म्हणा, किंवा ते असं मोठं असतं हे मला माहीत नव्हतं. गॅलरीत जाऊन कुंड्यांना पाणी घातलं. सकाळीच घातलं होतं, तरी घातलं. फांद्यांमुळे खालचं काही दिसत नाही. एरवी ती फुलं तोंडावर हसतात, आणि ज्या वेळी बाजूला व्हावं त्या वेळी मध्ये येतात.

सुतार विधुर आहे. दिसायला सामान्य. पुढचा एक दात नाही. एकच विनोद चार जणांना सांगतो आणि चारही वेळा स्वतःच आधी हसतो. आज त्याला पाहिलं तर बाकावर बसून जास्वंदीची फुलं बुटांवर चोळत होता. बूट काळे चकचकीत झाले. माझ्याकडे बघून म्हणाला, पॉलिशचा खर्च वाचतो. ज्या फुलासाठी मी जीव टाकतो त्यानं हा बूट पुसतो, आणि फुलं त्याच्याकडे.

११ एप्रिल



दुपारी ही खाली गेल्यावर मीही जिन्यानं उतरलो. वर्कशॉपच्या मागच्या गल्लीत एक खिडकी आहे. मी तिथून जात होतो, मुद्दाम थांबलो असं नाही, चपलेत खडा गेला म्हणून थांबलो.

ही मशीनपुढे उभी होती. लाकडाचा तुकडा गरगर फिरत होता आणि हिच्या हातात पटाशी. लाकडाच्या पातळ साली निघून तिच्या मनगटावर पडत होत्या. सुतार बाजूला दुसऱ्या फळीवर रंधा मारत होता, तिच्याकडे त्याची पाठ. आणि हिच्या डोक्यावर काही नव्हतं. स्कार्फ दाराच्या खिळ्याला टांगला होता, जसा आपण घरी आल्यावर टांगतो.

मार्चपासून तिनं माझ्यासमोर तो काढलेला नाही. मी तिचा नवरा आहे. त्या डोक्यासाठी मी पानं वाटतो, फुलं सुकवतो, शेगडीसमोर उभा राहून ढवळत बसतो. आणि ते डोकं बघायला मला खिडकी लागते.

मशीन थांबलं. तिनं केलेलं प्यादं सोडवून हातात धरलं, त्याच्या गोल माथ्यावर बोट फिरवलं आणि म्हणाली, "हे सगळे माझ्याचसारखे." सुतार म्हणाला, "तुमच्याहून देखणे नाहीत हो, कारागीर." आणि दोघं हसली.

कारागीर. इतक्या वर्षांत मला तिला हाक मारायला एक नाव सुचलं नाही. मी 'अगं' म्हणतो.

१२ एप्रिल

रात्रीच्या जेवणाला समोर बसली, स्कार्फ बांधून, गाठ नीट मागे. मला विचारायचं होतं. विचारलं ते असं की मीठ जास्त झालंय का. ती म्हणाली, नाही, ठीक आहे. मी म्हटलं, मलाही ठीकच वाटलं.

१३ एप्रिल, रविवार

तिनं फुलं आणली. मी ती तशीच वर्तमानपत्रावर पसरून ठेवली. एका दिवसाचं फूल, संध्याकाळी मिटून चिमलं.

२७ एप्रिल, रविवार

ही लेकीशी फोनवर बोलत होती, तेवढ्यात मी खाली गेलो. निमित्त होतं, दाराची खिट्टी सैल झाल्याचं. तक्रारीनंतर पहिल्यांदाच त्याच्या उंबऱ्यात पाय ठेवला. त्यानं गाणं थांबवलं, स्टूल पुढं केलं. मी उभाच राहिलो.

फळीवर माझ्या बाटल्या होत्या. ओळीनं. माझ्या अक्षरातल्या चिठ्ठ्या लावलेल्या, 'जास्वंद तेल, रोज रात्री, मुळांशी.' बाजूला एक तेलकट फडकं, आणि फडक्यावर चमकणारी प्यादी.

तो म्हणाला, फार झकास तेल हो भाऊ तुमचं, लाकूड कसं मऊ दिसतं बघा, वहिनी आणून देतात, मी पैसे विचारले तर म्हणाल्या घरचंच आहे. मनापासून बोलत होता. ह्या माणसात खोट असती तर मला किती सोपं गेलं असतं.

मी खिट्टीचं काही न बोलता वर आलो. म्हणजे मी जे तेल तिच्या मस्तकासाठी कढवलं ते त्या ठोकळ्यांच्या मस्तकाला लागत होतं. त्यातही तिनं मला कधी उघड नकार दिला नाही. बाटली घ्यायची, संपली की दुसरी मागायची. नकार दिला असता तर मी निदान भांडलो असतो.

३ मे

आज केलं. जसं झालं तसं लिहितो.

दुपारी सुतार टेम्पो घेऊन लाकडाच्या वखारीला गेला, आणि ही बरोबर गेली. मला विचारून गेली, तुम्ही येता का म्हणाली. मी म्हटलं, मला काय कळतं लाकडातलं. टेम्पोत पुढं तिघांची जागा असते. ती दोघं गेली.

मी गॅलरीत उभा होतो. झुडुपाची एक फांदी कठड्यावरून आत आली होती. आपल्या हद्दीत आलेली फांदी कापायचा हक्क असतो. ती कापली. मग वाटलं, बाकीच्याही येणारच. करवत घेऊन खाली गेलो. जास्वंदीचं लाकूड मऊ असतं पण साल चिवट, दोरीसारखी लोंबते, पिळून तोडावी लागते. मी किती वेळ कापत होतो कळलं नाही. थांबलो तेव्हा गुडघ्याएवढे खुंट उरले होते आणि भोवती सगळं लाल. हातांना बुळबुळीत चिकट लागलं होतं. फुलांवर पाय न देता बाहेर पडायला जागा नव्हती, तेव्हा देऊन आलो.

वर येऊन हात धुतले. बरं वाटेल असं वाटलं होतं. गॅलरीतून आता वर्कशॉपचं दार स्वच्छ दिसतं, एवढंच.

४ मे, रविवार

काल संध्याकाळी टेम्पो आला तेव्हा मी गॅलरीतच होतो. ही उतरली आणि जागच्या जागी उभी राहिली. मग खाली बसून एक फांदी उचलली. सुतारानं खुंट बघितले, फांद्या बघितल्या, आणि वर माझ्याकडे बघितलं. माझ्या शर्टावर डाग होते, बदलायचं सुचलं नव्हतं.

तो हिला म्हणाला, "मीच सांगितलं होतं एकाला छाटायला. कीड लागली होती. मेल्यानं जरा जास्तच छाटलं." आणि फांद्या गोळा करायला लागला.

ही वर आली ती फार हळहळली. मला म्हणाली, त्या छाटणाऱ्यानं विचारून तरी कापायचं, तुमच्या तेलाचं आता कसं होणार. माझ्या तेलाची तिला काळजी.

त्याला मला वाचवायचं काय कारण? पश्चिमेचं ऊन आता थेट त्याच्या बाकावर येतं. आज दुपारी त्यानं दाराला जुनी चादर बांधली, पण कपाळावरचा घाम काही थांबत नव्हता. वर बघून मला एक शब्द बोलला असता तर चाललं असतं. गाणंसुद्धा म्हटलं नाही.

१० मे

आठवडाभर हेच चाललंय. ही त्याचं कौतुक करते. इतकं जुनं झाड गेलं तरी त्या कापणाऱ्याला वाईट बोलले नाहीत म्हणते. किती मोठं मन म्हणते. ते मन कुणासाठी मोठं झालं हे फक्त मला माहीत, आणि त्याला. आम्हा दोघांमध्ये एक गुपित आहे, आणि त्यात तो वर आणि मी खाली.

शेवटी आज जेवताना सांगून टाकलं. पश्चात्ताप झाला म्हणून सांगितलं असं लिहिलं तर छान दिसेल, पण खरं ते लिहितो. त्याचा मोठेपणा मला गिळवेना. म्हटलं, झाड त्यानं कापायला सांगितलेलं नव्हतं, मी कापलं.

तिनं हातातला घास ताटात ठेवला. मग विचारलं, "का?"

"तू त्याच्यासमोर डोकं उघडं ठेवतेस. माझ्यासमोर नाही."

रागावली असती तर मी तयार होतो. ती अगदी हळू बोलली. "पहिल्याच दिवशी ते म्हणाले, वहिनी, मशीनला हात लावायचा तर तो स्कार्फ काढून ठेवा, अडकला तर मानेसकट ओढेल. म्हणाले, केस नाहीत हे बरंच, लोकांचे बांधून घ्यावे लागतात. एकदा बघितलं आणि पटाशी कशी धरायची ते सांगायला लागले. संपलं."

"मीही एकदाच बघेन."

"तुम्हाला नाही जमायचं."

"मी तुझ्या काळजीपोटी..."

"माहीत आहे हो. म्हणून तर बाटल्या घेत राहिले." तिनं पाण्याचा पेला सरकवला, परत जागेवर ठेवला. "स्कार्फ काढला की तुम्ही माझ्याशी बोलत नाही. शोधायला लागता. सापडलं नाही की तुमचा चेहरा पडतो, आणि मग मला तुमची समजूत काढावी लागते. केस गेले त्याचं मी रडून घेतलं. तुमचं कधी संपणार, ते सांगा."

मी रडलेलो नाही. ही वही पहिल्या पानापासून पुन्हा चाळली, तशी एकही नोंद नाही.

११ मे, रविवार

ती दुसऱ्या खोलीत झोपली होती. सकाळी स्वतः खाली जाऊन सुताराला काहीतरी बोलून आली. माफी मागितली असणार, माझ्या वतीनं. मला न विचारता. मग दुपारी मीही गेलो, कारण माझी माफी दुसऱ्यानं मागावी हे मला पटत नाही. तो म्हणाला, जाऊ द्या भाऊ. म्हटलं, जाऊ द्या कसं, ऊन येतंय ना तुमच्या डोळ्यांवर. तो म्हणाला, येतंय तर. आणि मग बाकावरचा भुसा झटकत, "मला राग आला होता. अजून आहे." हे ऐकून मात्र बरं वाटलं. त्याच्याबद्दल पहिल्यांदाच.

बाजारातून हिरवं जाड कापड आणून त्याच्या दारावर छत बांधून दिलं. त्यानं शिडी धरली. गाठी मी मारल्या.

२५ मे, रविवार

कुंड्यांकडे लक्ष गेलं नाही गेले काही दिवस. तेल करायचंच नाही, तर बघायचं कशाला. आज दार उघडलं तर एका रोपावर फूल. छोटंसं, एका बाजूला कललेलं. मला आनंद व्हायला हवा होता. इतके महिने मर मर मरलो तेव्हा ह्या रोपाला फुलायचं नव्हतं.

हिला दाखवलं. ती म्हणाली, छान आहे, आणि क्षणभर माझ्या खांद्याला हात लावून आत गेली. अजून दुसऱ्या खोलीतच झोपते.

८ जून, रविवार

ही म्हणाली, आज खाली या, बसा. बोलावणं होतं म्हणून गेलो, एरवी गेलो नसतो. सुतारानं तेच स्टूल पुढं केलं. ह्या वेळी बसलो.

तिनं दारातून आत येताच स्कार्फ काढून खिळ्याला अडकवला. माझी नजर गेली. नेहमीसारखी कानशिलापासून सुरुवात झाली, ओळीनं. तिला ते कळलं, तिची पाठ ताठ झाली. मी जमिनीकडे बघायला लागलो, मग मशीनकडे, मग तिच्या हातांकडे.

राजाचा मोहरा करत होती. राजा अवघड असतो म्हणे, मान बारीक, तिथंच मोडतो. मानेपाशी आली की ती जिभेचं टोक दातांत धरते. लेक लहान असताना तिचे फ्रॉक शिवताना असंच धरायची. मधल्या काळात धरत नव्हती की मी बघितलं नव्हतं, कुणास ठाऊक. सुतार ते रोज बघतो. पहिल्यांदा वाटलं, उठून जावं. पण मशीन चालू असताना मध्येच उठलं तर तिचा हात चुकेल, म्हणून बसून राहिलो.

राजा मोडला नाही. तिनं तो आधी माझ्या हातात दिला. अजून कोमट होता. सुतारानं बघायला हात पुढं केला, मी जरा उशिरानंच दिला.

१६ जून

ही वाचनालयात पुन्हा रुजू झाली. स्कार्फ नाही. मी सोडायला निघालो तर म्हणाली, कोपऱ्यापर्यंत या. कोपऱ्यापासून ती एकटी गेली. लोक वळून बघत होते. मी तिथंच उभा राहून ते वळून बघणं बघितलं, आणि पहिल्यांदाच प्रत्येकाच्या कानाखाली वाजवावी असं वाटलं.

संध्याकाळी विचारलं, कसा गेला दिवस. म्हणाली, एका म्हाताऱ्या आजोबांनी फार वेळ बघितलं आणि मग विचारलं, पुस्तकाचा दुसरा भाग आहे का.

२२ जून, रविवार

दुपारभर वर्कशॉपात होती. वर आल्यावर हातपाय न धुता तशीच गॅलरीत येऊन बसली, माझ्या शेजारी. तिथं कधी बसत नसे, समोरच्या इमारतीतून दिसतं म्हणून. खाली खुंटांना कोवळे फुटवे आले आहेत ते बघत होती. सुताराला सांगते की फळ्या आता तिथं टेकवू नका, म्हणाली. मी हं म्हटलं.

ऊन तिरपं होतं. तिच्या मानेच्या वरच्या बाजूला, डोकं सुरू होतं तिथं, काहीतरी चमकलं. पांढरट, बारीक, असून नसल्यासारखं. लाकडाचा भुसा असेल. ती आज सागावर काम करत नव्हती, कुठल्यातरी फिकट लाकडावर करत होती, त्याचा भुसा असाच असतो. फुंकर मारली असती तर कळलं असतं. माझा हात गुडघ्यावरून उठला होता.

ती न वळता म्हणाली, "काय बघताय?"

म्हटलं, "काही नाही. चहा टाकू का?"

"टाका."

उठलो, चहा टाकला. दूध उतू जाऊ दिलं नाही. तिनं कप घेतला, दोघं बसून राहिलो, दुसऱ्याच कशावर तरी बोललो. वाचनालयातल्या वाळवीवर.

आता लिहिताना एकच गोष्ट छळते आहे. सुतार दुपारभर तिच्या मागे उभा होता. त्याच्या लक्षात आलं असेल का? माझ्या आधी? आलं असेल, तर तो काही बोललेला नाही. मग मीही बोलणार नाही. बघू, कोण आधी हरतो.